घरातील वृद्ध, रुग्ण व दिव्यांग यांची शुश्रूषा: धर्मग्राम पातळीवरील प्रशिक्षण व उपक्रम

आजारी, वृद्ध व दिव्यांग बांधवांची सेवा ख्रिस्तसभेला नवी नाही. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील संत जान जुगां यांनी एका अंध व पक्षाघात झालेल्या वृद्धेला आपल्या घरी आणले आणि स्वतःची खाट तिला दिली. त्या एका कृतीतून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उदयास आला. जान जुगां यांना २००९ साली संतपद बहाल झाले आणि त्यांच्या संघाचे वृद्धाश्रम मुंबईसह भारतातील अनेक शहरांत आहेत. वांद्रे येथे डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठीचे भारतातील ते पहिले हॉस्पिस होय. तेथेही रुग्णांच्या उशाशी धर्मभगिनीच असतात.

मात्र आश्रमात वा हॉस्पिसमध्ये पोहोचणाऱ्या व्यक्ती थोड्या. बहुसंख्य वृद्ध व दिव्यांग आपापल्या घरीच असतात आणि त्यांची शुश्रूषा घरातील एखादी स्त्री करते. ती सून असेल, पत्नी असेल, अविवाहित मुलगी असेल. तिला हे काम कोणी शिकवलेले नसते. इस्पितळातून रुग्णाला घरी सोडताना परिचारिका दोन-चार सूचना देते. त्यानंतर अनुभव हाच तिचा गुरू आणि त्या अनुभवाची किंमत अनेकदा रुग्णाच्या शरीराला मोजावी लागते. धर्मग्रामात शुश्रूषेचे प्रशिक्षण सुरू करावे असे सुचवण्यामागे एवढे एकच कारण आहे. माया असूनही हात चुकतो आणि तो हात सुधारता येतो.

गरज किती मोठी?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती आणि दिव्यांग व्यक्तींची नोंद २ कोटी ६८ लाख झाली होती. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. त्यानंतर आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली. वसई परिसरात ज्या वाडीत पूर्वी तीन पिढ्या एका छपराखाली राहत, तेथे आज मोठ्या बंगल्यात दोन वृद्ध जीव राहतात आणि मुले आखातात, कॅनडात किंवा लोकल गाडीत असतात. पैसा पाठवला जातो, फोनही येतात. रात्री दोन वाजता आजोबांना कुशीवर वळवायला मात्र कोणी नसते.

केरळचा अनुभव

या बाबतीत आपल्या देशातच एक उत्तम उदाहरण आहे. १९९३ साली केरळातील कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ स्थापन केली. दुर्धर आजाराच्या रुग्णाला वेदनामुक्ती व आधार देणे हे तिचे कार्य. काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आले, की डॉक्टरांची संख्या कितीही वाढवली तरी दूरच्या खेड्यातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापर्यंत इस्पितळ पोहोचणार नाही. मग मलप्पुरम जिल्ह्यातून शेजाऱ्यांनाच तयार करण्याची चळवळ उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी अशा सर्व धर्मांच्या सामान्य माणसांना १६ तासांचे वर्ग आणि त्यापुढे चार दिवस अनुभवी पथकाबरोबर प्रत्यक्ष घरभेटी, असे प्रशिक्षण दिले गेले. हे स्वयंसेवक आठवड्यातून काही तास देतात; परिचारिका व डॉक्टर त्यांच्या पाठीशी असतात. २००८ साली केरळ शासनाने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले, त्याचा पाया या शेजाऱ्यांनीच घातला होता.

सोळा तास म्हणजे चार रविवारची दुपार. आपल्या कोणत्याही धर्मग्रामाला, विशेषतः जेथे लहान ख्रिस्ती समूह कार्यरत आहेत तेथे, हे अशक्य नाही. बहुतेक धर्मग्रामांत एखादी निवृत्त परिचारिका आणि एखादा फिजिओथेरपिस्ट सापडतोच. त्यांना व्यासपीठावर बोलावून भाषण करायला लावू नये. एक खाट, दोन उशा, एक चादर व एक व्हीलचेअर त्यांच्या हाती द्यावी आणि उपस्थितांनी आळीपाळीने ‘रुग्ण’ व्हावे. ज्याला एकदा चादरीवरून सरकवले गेले आहे, तो पुढे दुसऱ्याला सरकवताना आपोआप सावध होतो.

काय शिकवावे?

पहिला पाठ बेडसोरचा, म्हणजे अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमांचा. एकाच जागी सतत दाब पडला की तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि त्वचा आतून मरू लागते. माकडहाड, टाचा, नितंब, खवाटे, कोपर, डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. त्या रोज अंघोळीच्या किंवा अंग पुसण्याच्या वेळी पाहाव्यात. लालसर डाग दिसल्यास बोटाने दाबावे. दाबल्यावर तो फिका झाला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेव्हा ती जागा गरम, कडक किंवा काळपट लागते का ते पाहावे. स्वतःहून हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. आपल्याकडे लाल झालेल्या जागी तेल लावून चोळण्याची पद्धत आहे. ती सोडावी, चोळल्याने आतील नाजूक पेशी अधिक फाटतात. मधोमध भोक असलेली रबरी चकती देखील टाळावी, कारण तिच्या कडेवर दाब वाढतो. हवेची गादी उपयोगी असते, पण ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. अनेक घरांत नेमकी हीच चूक होते.

दुसरा पाठ भरवण्याचा. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे गिळणे मंदावते. तिला आडवे ठेवून पेज किंवा पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा आणि पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. जेवताना वारंवार खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर, घरघरता होत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज गिळणे अशा रुग्णाला बहुधा सोपे जाते, मात्र किती दाट हे तज्ज्ञांनी ठरवावे.

तिसरा पाठ उचलण्याचा. रुग्णाला बगलेत हात घालून ओढण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा त्यामुळे निखळू शकतो. खुर्ची त्याच्या सशक्त बाजूला लावावी, व्हीलचेअरचा ब्रेक आधी लावावा, पाय जमिनीवर नीट टेकवावेत आणि कमरेच्या पट्ट्याला किंवा कमरेला धरून, आपले गुडघे वाकवून उठवावे. येथे रुग्णाइतकीच काळजी उचलणाऱ्याच्या पाठीची आहे. सत्तरीच्या पत्नीने ऐंशीच्या पतीला एकटीने उचलू नये, हेही प्रशिक्षणात स्पष्ट सांगावे.

पडणे टाळण्याच्या सूचना थोडक्यात देता येतात: न्हाणीघरात भिंतीला पकड, रात्री मंद दिवा, सरकणारी पायपुसणी काढून टाकणे, पायात घट्ट बसणारी चप्पल. उतरणीवरून व्हीलचेअर नेताना ती उलटी करून न्यावी. दृष्टिहीन व्यक्तीचा हात आपण धरून तिला ढकलत नेऊ नये. आपला कोपर तिला धरू द्यावा व आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना आपल्या तोंडावर उजेड असावा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला तीस वर्षांचा तरुण बाळ नसतो. त्याच्याशी लाडिक बोबडे बोलणे त्याच्या आईवडिलांनाही बोचते.

शब्दांविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. पूर्वी ‘अपंग’ व ‘विकलांग’ हे शब्द रूढ होते. गेल्या दशकापासून शासनाने ‘दिव्यांग’ हा शब्द स्वीकारला आहे. ज्यांच्यासाठी तो वापरला जातो त्यांच्यापैकी अनेकांना तो आवडत नाही, कारण त्यांना दिव्यत्व नको, रॅम्प हवा असतो. कागदपत्रांवर तोच असल्याने येथे तो वापरला आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांशी संवाद

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज वर्तवला. तरीही आपल्या घरांतून याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी आवश्यक आहे, कारण थायरॉईडचा विकार, ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार असतात.

भेटीला येणारे नातेवाईक हटकून विचारतात, ‘मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?’ ही परीक्षा रुग्णाला दरवेळी नापास करते. त्याऐवजी आपले नाव व नाते आपणच सांगावे. पन्नास वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आईची ती वाट पाहत असेल, तर ‘ती कधीच गेली’ असे सुनावू नये. आईविषयी बोलू द्यावे. एका वेळी एकच प्रश्न, एकच काम. अनेकदा अशी व्यक्ती नंतर शिकलेली भाषा विसरते आणि बालपणीच्या बोलीकडे परतते. जिचे बालपण सामवेदीत गेले, तिच्याशी प्रमाण मराठीत बोलणारी परिचारिका कितीही प्रेमळ असली तरी ती परकी वाटू शकते. तेथे शेजारच्या वाडीतील स्वयंसेवक अधिक उपयोगी पडतो. रोझरीचे मणी, पाठ असलेल्या प्रार्थना, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या काळातील लॅटिन प्रतिसाद हे सर्व पुष्कळदा शाबूत राहते. जो आजोबा मुलाचे नाव सांगू शकत नाही, तो रोझरीत बरोबर आपला भाग म्हणतो. कुटुंबाने त्याचा आधार घ्यावा.

चर्च आणि संस्कार

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला खाटेसह उचलून आणतात आणि दारातून वाट मिळेना म्हणून छप्पर उघडून त्याला प्रभू येशूसमोर उतरवतात. त्या घराला दुसरा मार्ग नव्हता. आपल्या चर्चला मात्र तो करता येतो. रॅम्पसाठी सर्वमान्य उतार एकास बारा असा आहे, म्हणजे अर्ध्या फुटाच्या पायरीसाठी सहा फूट लांबीचा रॅम्प. याहून उभा रॅम्प दिसायला असतो, चढायला नसतो. कबुलीजबाबाच्या जागेपर्यंत व शौचालयापर्यंत व्हीलचेअर जाते का, तेही पाहावे. बाकांच्या रांगेत मधे एक जागा मोकळी सोडली, तर व्हीलचेअरवरील व्यक्तीला मागच्या दारापाशी एकटे बसावे लागत नाही.

संस्कारांविषयीचे काही नियम कुटुंबांना माहीत नसतात. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीचा एक तासाचा उपवास वृद्धांना व रुग्णांना बंधनकारक नाही आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. घन पदार्थ गिळू न शकणाऱ्या व्यक्तीला गरज असल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो. त्यासाठी धर्मगुरूंशी आधी बोलावे. रुग्णाभ्यंगाचा संस्कार मरणाच्या दारातील माणसासाठीच आहे हा समज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दूर केला, तरी ‘फादर तेल घेऊन आले म्हणजे संपले’ ही भीती घराघरांत आहे. गंभीर आजारात व वार्धक्याच्या क्षीणतेत हा संस्कार घ्यावा आणि प्रकृती पुन्हा खालावल्यास पुन्हा घेता येतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना संस्कार नाकारता येणार नाहीत, असे धर्मशिक्षणाच्या २०२० च्या निर्देशिकेत स्पष्टपणे सांगितले आहे. प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी त्यांच्यासाठी वेगळ्या गतीने, चित्रांच्या व कृतींच्या साहाय्याने करावी लागते. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना याचे प्रशिक्षण द्यायला हवे.

कायदा आणि कागदपत्रे

प्रशिक्षणाचा एक वर्ग यासाठी राखून ठेवावा व त्यास जाणकार वकील बोलवावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक सवलती लागू होतात. प्रमाणपत्रासोबत मिळणारे यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालते. निराधार व दिव्यांग व्यक्तींसाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना यांचे अर्ज तहसील कार्यालयाकडे करावयाचे असतात. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळ उपचारांचे संरक्षण मिळते.

दोन गोष्टी मात्र सविस्तर समजून घ्याव्यात, कारण त्यांत विलंब महाग पडतो. पहिली: मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असलेल्या प्रौढ मुलासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न अशा पालकांना रात्री झोपू देत नाही. भाऊ-बहिणींना विश्वासात घेऊन पालक कोण होणार हे आईवडिलांच्या हयातीतच ठरवणे एवढे तरी करता येते.

दुसरी गोष्ट जमिनीची. वसई, विरार, ठाणे परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि अनेक वृद्धांनी मायेपोटी घर व वाडी मुलांच्या नावे करून दिली. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर केलेले बक्षीसपत्र सांभाळ न झाल्यास रद्द करून घेता येते. मात्र अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांना अनुकूल लावला, तरी अट दस्तातच स्पष्ट लिहिणे हाच सुरक्षित मार्ग आहे. निर्वाहासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. छळ वा दुर्लक्ष होत असल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. कुटुंबाची बदनामी होईल म्हणून आपल्याकडे वृद्ध मौन पाळतात. स्वयंसेवकाने ते मौन ओळखायला शिकले पाहिजे.

वर्षातील दिवस

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्ण दिन ११ फेब्रुवारीला, लुर्ड्सच्या मातेच्या स्मरणदिनी, १९९३ पासून पाळला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी, संत योआकिम व संत ॲना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या सुमारास येतो. २१ सप्टेंबर हा अल्झायमर दिन, १ ऑक्टोबर ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिन, ३ डिसेंबर दिव्यांगांचा. २०२५ च्या जुबिली वर्षात रोममध्ये दिव्यांगांची स्वतंत्र जुबिली २८ व २९ एप्रिल रोजी साजरी झाली.

या दिवशी पवित्र मिस्सा, शाल, श्रीफळ आणि अल्पोपहार असा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी होतो. तो वाईट नाही. पण जे चर्चपर्यंत येऊ शकतात त्यांचाच त्यात सत्कार होतो. म्हणून त्याआधीच्या महिन्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांनी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांची नोंद करावी. किती शुश्रूषक स्त्रिया गेल्या सहा महिन्यांत रविवारच्या मिस्साला येऊ शकल्या नाहीत, हा एक रकाना त्या नोंदवहीत जरूर असावा. प्रशिक्षित स्वयंसेवकांची पहिली नेमणूक त्याच घरी करावी. दर रविवारी दोन तास कोणी रुग्णाजवळ बसले, तर ती माऊली चर्चला जाईल, किंवा नुसती झोपेल. दोन्ही ठीकच.

स्वयंसेवकांसाठी नियम

घरभेटीला नेहमी दोघांनी जावे. औषध सुरू करू नये किंवा बंद करण्याचा सल्ला देऊ नये. पैशाचे व्यवहार, बँकेचे पासबुक, सह्या, घराची किल्ली यांपासून दूर राहावे. त्या घरात पाहिलेले बाहेर बोलू नये. विशेषतः मिस्सानंतर चर्चच्या आवारात. असहाय प्रौढांशी गैरवर्तन हा ख्रिस्तसभेच्या २०१९ च्या नियमावलीनुसारही गंभीर अपराध आहे, म्हणून स्वयंसेवकांची निवड धर्मगुरूंनी चौकशी करूनच करावी.

शेवटी साहित्याविषयी. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी या वस्तू अनेक घरांत माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतात, कारण ज्यांच्यासाठी त्या घेतल्या ते निवर्तले. धर्मग्रामाने त्या जमा करून गरजूंना वापरण्यास द्याव्यात. देताना नाव, तारीख व वस्तूची स्थिती नोंदवावी, परत आल्यावर जंतुनाशकाने पुसावी, गादीचा पंप व व्हीलचेअरचे ब्रेक तपासावेत आणि काठी किंवा वॉकर उंचीनुसार लावून द्यावा: ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी.